दोघी लागतात

यवतमाळहून दहाच्या एसटीनं दोघी सिस्टर निघाल्या, तेव्हा त्यांच्या वहीत दिवसभराचं एकच काम लिहिलेलं होतं. राळेगावच्या पुढच्या एका खेड्यात, त्यांना घरी बोलावणाऱ्या पुष्पाताईंना भेटायचं, तासभर बसायचं, प्रार्थना करायची आणि तीनच्या गाडीनं परत.

या दोघी कोण, हे आधी सांगायला हवं. गावानंही पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं. मॉर्मन म्हणतात त्या पंथाच्या चर्चनं घरापासून दूर सेवेला पाठवलेल्या या पोरी. मोठी सिस्टर चंद, वय एकवीस, फिजी बेटांवरच्या लबासा गावची. तिच्या खापरपणजीला ऊस तोडायला जहाजात बसवून तिकडं नेलेलं. त्यामुळे तोंडावळा आपल्याकडचा, आणि हिंदी अशी की ऐकणाऱ्यानं आपलेच कान तपासावेत. धाकटी विशाखापट्टणमची. तिचं आडनाव गावाला काही केल्या उच्चारता येईना, म्हणून ती नुसतीच लहान सिस्टर.

अठरा महिने घर नाही, सिनेमा नाही, चहा नाही. पहाटे उठून प्रार्थना, मग वाचन, मग मराठीची उजळणी. आईशी फोन सोमवारी. बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात जायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे जोडीदारणीला सोडायचं नाही. न्हाणीघर सोडलं तर दोघींनी एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नाही. नव्या नवरीला पहिल्या महिन्यात नवऱ्याचीसुद्धा एवढी सोबत मिळत नाही.

घोटाळा छातीवरच्या काळ्या पट्टीनं केला. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सिस्टर चंद' लिहिलेलं, आणि आपल्याकडं सिस्टर म्हणजे दवाखान्यातली. पहिल्याच भेटीत पुष्पाताईंच्या शेजारच्या बापूजींनी सुजलेला गुडघा पुढं केला होता.

"सिस्टर, एखादं इंजेक्शन देऊन द्या ना."

"मी नर्स नाही," सिस्टर चंदनं घोकलेलं वाक्य म्हटलं. "मी चर्चची सिस्टर."

"बरं बरं, चर्चच्या दवाखान्यातल्या," बापूजी म्हणाले. "मंग तर औषध चांगलंच असन."

तीन भेटींत तिनं हे वाक्य वीसेक वेळा म्हटलं असेल. मग सोडून दिलं. आता बापूजी गुडघा पुढं करत आणि ती मुकाट्यानं दाबून देई.

त्या दिवशी मात्र गुडघाही नव्हता आणि बापूजीही. पुष्पाताईंच्या दाराला कुलूप. शेजारी कुलूप, त्याच्या शेजारीही कुलूप. मे महिना, लग्नसराई. अख्खं गाव ट्रॅक्टरांत बसून कोणाच्या तरी वरातीला गेलेलं आणि पुष्पाताई सिस्टरना कळवायला विसरलेल्या. कळवणार तरी कशा? गावात रेंज नसायची. ती मिळायची थेट फाट्यावर, दीड किलोमीटर दूर.

दोघी जुन्या आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर टेकल्या. उपकेंद्र केव्हाच दुसऱ्या गावी हललं होतं. उरलं होतं बंद दार आणि त्यावरचा उडालेला लाल रंग. समोर, वीसेक पावलांवर हापशी. लहान सिस्टर बाटल्या भरायला गेली. नजरेआड नव्हती, म्हणजे नियम शाबूत होता.

बारा वाजून गेले होते. विदर्भात मेच्या त्या आठवड्यात एक दिवस असा येतो की सूर्य बरोबर डोक्यावर उभा राहतो आणि कोणाचीच सावली पडत नाही. झाडाची झाडाखालीच राहते, माणसाची त्याच्या पायात. सिस्टर चंद ते गमतीनं पाहत बसली होती. आपली सावली नाही, कुत्र्याची नाही, हापशीची नाही. पानसुद्धा हलत नव्हतं. कुठंतरी तापलेले पत्रे टक... टक... वाजत होते. आणि त्या वाळलेल्या उन्हात अचानक डेटॉलचा वास आला. ओला, थंड, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा.

"सिस्टर..."

भिंतीच्या कोपऱ्याशी एक बाई उभी होती. पन्नाशीची, पांढरं लुगडं, केस घट्ट बांधलेले. दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले होते, थंडीत घेतात तसे.

"चला. सुरभी अडली हाय. घरी कोणी नाई."

"मी नर्स नाही," सिस्टर चंद सवयीनं म्हणाली.

"मले माहीत हाय," बाई म्हणाली.

एवढ्या दिवसांत हे मान्य करणारं गावातलं हे पहिलंच माणूस. सिस्टर चंदला बरं वाटायला हवं होतं. तिच्या अंगावर काटा आला.

"मंग काहून..." ती गावासारखं म्हणायला गेली.

"मी एकटी पुरत नाई. दोघी लागतात."

हे तर तिचे वरिष्ठही रोज सांगत. कामाला दोघी लागतात. शिवाय कोणीतरी बोलावलं होतं, आणि बोलावल्यावर जायचं नाही असा नियम कुठंच नव्हता. ती उठली.

बाई पुढं, ती मागं. गल्लीत पडलेलं कुत्रं भुंकलं नाही. उठलं, शेपूट पोटाशी घेतलं आणि बाजूला झालं. हिरव्या दाराशी बाई थांबली.

"ढकल," ती म्हणाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. सिस्टर चंदनं ढकललं.

उन्हातून आल्यावर आतला अंधार आधी काळाच दिसला. मग त्यात गोधडी दिसली, आणि गोधडीवर पुष्पाताईंच्याच गल्लीतल्या इंदुताईंची सून सुरभी. एका हातात बंद पडलेल्या दिव्यासारखा बिनरेंजचा मोबाइल, दुसरा हात दाताखाली. तीन आठवडे बाकी होते, म्हणून घरचे निर्धास्त लग्नाला गेले होते.

"सिस्टर," सुरभी रडायला लागली, "बरं झालं आल्या. मले वाटलं, मी इथंच..."

मागून लहान सिस्टर धापा टाकत पोचली. "न सांगता कशी आलीस?" मग तिनं गोधडीकडं पाहिलं आणि तिच्या हातातली बाटली खाली पडली.

"फाट्यावर जा," सिस्टर चंद म्हणाली. "एकशेआठला फोन लाव. पळ."

"तुला एकटीला सोडून? आपल्याला परत पाठवतील."

"पाठवू देत. आणि मी एकटी नाही. या आहेत ना सोबत."

लहान सिस्टरनं अंधारात पाहिलं. गोधडीवर बाई होती. या म्हणजे त्याच, असं तिला वाटलं. ती पळाली. सेवेला लागल्यापासून पहिल्यांदा दोघींमध्ये एक अख्खं गाव आलं.

"हात धू," कोपऱ्यातून आवाज आला. "साबण मोरीवर हाय."

तिनं धुतले. साबण दोनदा निसटला. तिनं आजीच्या हिंदीत देवाला एकच ओळ म्हटली, की मला यातलं काही येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

"समोर बस. तिच्याकडे पाह्य. कळ आली की तिले दम घेऊ दे."

बाई कोपऱ्यातच उभी होती. आवाज मात्र तिथून येत नव्हता. तो कानाच्याही आत, घशाजवळ कुठंतरी वाजत होता.

"तुम्ही धरा ना हिला," सिस्टर चंद म्हणाली. "खांद्याला धरा."

बाई हलली नाही. पदराखाली काहीतरी उचललं गेल्यासारखं झालं आणि परत पडलं.

"तूच धर. माह्ये हात..."

किती वेळ गेला कोणास ठाऊक. सुरभीच्या ओरडण्यानं पत्रे वाजायचे थांबले असं वाटलं. मग डोकं दिसलं.

"मान पाह्य. नाळ गुंडाळली हाय."

"हो... हो, आहे."

"ओढू नको वो माय. बोट घाल. सैल कर. आता डोक्यावरून काढ... अशी."

आणि लेकरू एकदम तिच्या ओंजळीत आलं. मुलगी. ओली, गरम, जांभळासारखी काळीनिळी. हलली नाही. रडली नाही. एवढी शांतता सिस्टर चंदनं प्रार्थनेतही ऐकली नव्हती.

"काय झालं?" सुरभी पुटपुटली. "काहून आवाज नाई करत?"

"पाठ चोळ," आवाज म्हणाला. "आणखी. मोडत नाई, भिऊ नको."

तिनं चोळली. काही नाही.

"तोंड पूस. नाकावर, तोंडावर तोंड ठेव. फूक. गालातली हवा दे, पोटातली नको. लहान हाय ते."

तिनं फुंकलं. एकदा. दोनदा. इवलीशी छाती उचलली आणि पडली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. पाचव्यांदा तिच्या ओठांखाली काहीतरी आखडलं, शिंकलं, आणि मग त्या पोट्टीनं असा टाहो फोडला की बाहेरचं कुत्रंसुद्धा भुंकायला लागलं.

सिस्टर चंद हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. आयुष्यात तिनं कधी काही जिंकलं नव्हतं, शाळेतली धावण्याची शर्यतसुद्धा नाही. आता हे जिंकलं होतं.

"आईच्या छातीवर ठेव. वरून कापड घाल. नाळ तशीच राहू दे, गाडीवाले पाहतील." मग अगदी हळू, समाधानानं, "एक झालं."

तिनं वळून पाहिलं. कोपऱ्यात धान्याची कोठी होती. डेटॉलचा वास होता. बाकी कोणी नव्हतं.

रुग्णवाहिका आली. तिच्यातून लहान सिस्टर उतरली, पायात चपला नसलेली, फोड आलेली. तिच्याच मागोमाग लग्नाहून परतलेले ट्रॅक्टर आले, कारण फाट्यावर तिनं जो दिसेल त्याला थांबवून सांगितलं होतं. डॉक्टरांनी आईला पाहिलं, लेकराला पाहिलं, नाळ बांधली आणि मान हलवली. "दोघी उत्तम. कोणी केली डिलिव्हरी?"

"सिस्टरनं," चार बाया एकदम म्हणाल्या.

"कुठल्या तुम्ही?"

"फिजी," सिस्टर चंद म्हणाली.

"फिजी..." डॉक्टर विचारात पडले. "वणीकडं आलं का ते?"

पिंटू, म्हणजे सुरभीचा नवरा, दाराशी उकिडवा बसून रडत होता. बापूजींनी त्याच्या टाळूवर हलकेच मारलं. "रडतं कायले? लक्ष्मी आली घरी." मग ट्रॅक्टरवर पेंगत बसलेल्या बँडवाल्यांकडं वळून म्हणाले, "लगन झालं म्हणून आमचे पैसे फिटले काय? वाजवा."

आणि त्या टळटळीत दुपारी बँड वाजला. ताशा, सनई, सगळं. नऊवारीतल्या बाया नाचल्या, बापूजी सुजलेल्या गुडघ्यावर नाचले. कोणीतरी सिस्टर चंदच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. हे नियमात बसतं की नाही, असं लहान सिस्टरच्या मनात आलं असावं, पण तीही पाय पोळलेले असताना टाळ्या वाजवत होती.

इंदुताई कपात दूध घेऊन आल्या. "चहा तं पेत नाई तुम्ही. दूध तरी प्या." त्यांचा हात सिस्टरच्या पाठीवरून निघेना.

स्ट्रेचरवरून सुरभी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तं आमच्यासारखंच बोलता. मले माहीतच नव्हतं."

"मी? कधी?"

"आताच ना. 'ओढू नको वो माय' म्हणे. तुम्हीच सांगे आन् तुम्हीच करे."

"त्या बाई सांगत होत्या. कोपऱ्यातल्या."

"कोणती बाई? तुम्हीच तं होत्या एकट्या."

सिस्टरच्या पाठीवरचा इंदुताईंचा हात थांबला.

रुग्णवाहिका गेल्यावर इंदुताईंनी तिला बाजूला घेतलं. त्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या. पाहुणी फार वर्षांनी येऊन गेल्यावर माणूस दिसतं, तशा दिसत होत्या.

"माह्या पिंटूच्या वेळेस असंच म्हणे ते. ओढू नको वो माय. धनीबाई सिस्टर. या उपकेंद्रात वीस वर्षं होती. मंग लकवा मारला, दोन्ही हात गेले. तरी एका अडलेलीच्या घरी गेलती. तोंडानं सांगत राह्यली, हे करा, ते करा. कोणाची हिंमत नाई झाली हात लावाची. मायलेक दोघंही गेले तिच्यासमोर. त्याच हप्त्यात तेही गेली."

"मग आज..."

"आज तिले हात भेटले," इंदुताई म्हणाल्या आणि दुधाचा कप परत तिच्या हातात दिला. "थंड होऊन राह्यलं, प्या."

तीनच्या एसटीला पाय ठेवायला जागा नव्हती, पण बातमी गाडीच्या आधी फाट्यावर पोचली होती. कंडक्टरनं दोन सीट रिकाम्या करून दिल्या. लहान सिस्टर बसल्या बसल्या झोपली. खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा होता, सीटची लोखंडी दांडी हात लावू देत नव्हती. सिस्टर चंद विजयाच्या त्या गुंगीत बसली होती. आता वरिष्ठ काय म्हणतील ते म्हणोत. सोमवारी आईला सांगताना सुरुवात कुठून करायची, एवढाच प्रश्न होता.

पुढच्या थांब्यावर एक गरोदर बाई सासूबरोबर चढली. "गझाला, इथं बस," सासू म्हणाली, आणि सिस्टर चंदनं सरकून जागा दिली. गझाला ओशाळून हसली, टेकली. आणि चमकून म्हणाली, "या अल्ला... तुमचा हात किती गार."

सिस्टर चंदनं खाली पाहिलं. तिचा उजवा हात गझालाच्या पोटावर होता. तो तिथं कधी गेला, तिला कळलं नव्हतं. बोटं हळूहळू फिरत होती, वरून खाली, मग कडेला थांबून दाबत, जाणती.

"नऊ दिवस हायेत अजून," ती म्हणाली. "पाय खाली हायेत लेकराचे. घरी नको. यवतमाळलेच ने."

सासूनं छातीवरची काळी पट्टी वाचली आणि गंभीरपणे मान डोलावली. "सिस्टर म्हणून राह्यल्या तर नेतो आम्ही." गझालाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

घाबरू नका, मी नर्स नाही, हे सांगायला सिस्टर चंदनं तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं.

"घाबरू नको वो माय," ती म्हणाली. "मी आहो ना."