भिंतीवर न उठलेले वळ

फौजदार कावेरी धुरी जीपमधून उतरली तेव्हा महादूला माडाला बांधून लोक मारत होते.

कोणाच्या हातात वल्हं, कोणाच्या हातात मंडपाचा वासा. महादूचा एक डोळा सुजून मिटला होता. फाटलेल्या ओठातलं रक्त छातीवर उतरलं होतं. रविवारी फेस्ताचं, चर्चच्या वार्षिक सणाचं, जेवण ज्या अंगणात वाढायचं, तिथेच हे चाललं होतं.

"बाजूला व्हा!" कावेरीनं वासा धरलेला हात पिरगळला. "आणखी एक फटका पडला तर आधी तुम्हाला आत टाकीन."

"मॅडम, ह्येना रोझीबायक मारल्यान!"

महादू रक्त थुंकला. "मियां मारूक नाय. आयशीची शपथ, मारूक नाय."

हवालदार यज्ञेशला त्याच्यापाशी उभं करून कावेरी चर्चच्या मागे गेली.

किनाऱ्यालगतचं ते चर्च एवढंसं. मागच्या भिंतीला कालच चुना लावलेला. भिंतीला शिडी टेकवलेली, बाजूला चुन्याची बादली कलंडलेली आणि खाली काळ्या दगडांवर रोझीबाय, म्हणजे रोझालिन आल्मेडा, पडलेली. डोक्याची मागची बाजू नारळासारखी फुटली होती. पण दगडांवर रक्त फारसं नव्हतं.

कावेरीचा जन्म याच निवृत्त नर्सबाईच्या हातावर झाला होता. तिनं क्षणभर डोळे मिटले. मग गुडघ्यांवर बसली.

रोझीबायच्या दोन्ही हातांवर बारीक, सरळ, लाल वळ होते. कोणीतरी छडीनं मारावं तसे. बोटातल्या अंगठीत एक लांब पांढरा केस अडकला होता. रोझीबायचे केस कानापर्यंत कापलेले, मेंदीनं लाल केलेले.

कावेरीनं तो केस पाकिटात घातला.

चर्चची सगळी कामं रोझीबायच अंगावर घ्यायची. गेल्या रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर तिनंच पुढचे कार्यक्रम सांगितले होते: फेस्त, रक्तदान शिबिर, किनाऱ्याची सफाई. वाढपी हवेत, चुना मारायला माणसं हवीत. आणि शेवटी म्हणाली होती, "फेस्ताच्या दिवशी हॉलात बायकांची सभा. घरात मार खाणाऱ्या बाईनं तिथं सगळ्यांसमोर बोलायचं. मी शेजारी उभी राहीन. एक जण तयार झालीय."

एक जण म्हणजे महादूची बायको तुळसा, असं गावानं धरलं. ती नवऱ्याचं घर सोडून रोझीबायकडे राहत होती. महादू दारू पिऊन फाटकाशी आला होता आणि "तुझा टकला फोडतंय" असं रोझीबायला सगळ्यांदेखत ओरडला होता.

तुळसा पायरीवर बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये.

"तुळसा, काल इथं कोण कोण होतं?"

"आमी पाच-सा जणी. चुनो लावीत होतो. माका एका हातान जमात तेवढा केलंय. वरची पट्टी तेवढी लावूची रवली. रोझीबाय म्हणाली, तुमी जावा, मी करतंय."

"शिडी कुठे होती?"

"हलवत नेयत होतो. ओल्या चुन्यार शिडयेचे वळ उठतत. मगे काठयेक बांधलेल्या कुंचल्यान ते पुसून घेवचे लागतत."

"आणि सभेत तू काय बोलणार होतीस?"

तुळसानं चमकून वर पाहिलं. "मी? माका खंयचो धीर! मी नाय बोलणार होतंय."

"मग कोण?"

"रोझीबायन नाव सांगूक नाय."

कावेरी परत भिंतीशी गेली. वरची पट्टी पांढरीशुभ्र होती. तिनं दोन्ही हातांनी शिडी बाजूला ओढली आणि बराच वेळ वर बघत राहिली.

इनासमास्तर फर्नांडिस चर्चचे व्हायोलिनवादक. पोरांना गाणी शिकवायचे. त्यांना गावात मान मोठा.

"तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलंत, मास्तर?"

"तालीम संपवून मी घरी निघालो तेव्हा. ती शिडीवर होती. वरची पट्टी संपत आली होती. मी म्हटलंसुद्धा, बाय, सांभाळ."

"मग?"

"मग काय? मी गेल्यावर महादूनं शिडी ओढली असणार. मला तिला वाचवता आलं नाही." त्यांनी डोळे पुसले.

"तुमचं व्हायोलिन बघायचंय."

"आज? चर्चच्या माळ्यावर आहे. पण अशा दिवशी..."

"आजच."

कावेरीनं सगळ्यांना चर्चमध्ये बोलावलं. महादूलाही सोडवून आणलं. व्हायोलिनची पेटी फादरांसमोर उघडली. आत व्हायोलिन होतं. ते वाजवायचा गज नव्हता.

"गज घरी राहिला," मास्तर म्हणाले.

"मग काल तालीम कशानं घेतलीत?"

मास्तरांनी पेटीचं झाकण ओढून लावलं.

"शिडी त्या भिंतीला चुना ओला असताना टेकवलेली नव्हती," कावेरी म्हणाली. "ओल्या चुन्यावर ती टेकली असती, तर वळ उठले असते. माणूस पडताना शिडी सरकली असती, तर भिंत ओरबाडली असती. मी शिडी काढून पाहिलं. मागे एक रेघ नाही. रोझीबायनं पट्टी पुरी केली, वळ पुसले आणि शिडी ठेवून दिली. चुना सुकल्यावर कोणीतरी ती परत लावली. ती शिडीवरून पडलीच नाही."

तिनं पाकिटातला केस काढून फादरांसमोर धरला.

"दगडांवर रक्त फारसं नाही, कारण ती तिथं मेली नाही. तिच्या हातांवर छडीचे वळ आहेत आणि अंगठीत लांब पांढरा केस आहे. माणसाचा नाही, घोड्याच्या शेपटीचा. व्हायोलिनच्या गजाला तोच लावतात. सभेत बोलणारी तुळसा नव्हती; तुमची बायको उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या का घालते, ते आता कळलं. तालमीनंतर रोझीबाय माळ्यावर आली आणि म्हणाली, तुझी बायको रविवारी बोलणार आहे. तुम्ही गज मोडेपर्यंत तिला मारलंत. तिनं तो धरला. मग जड काहीतरी उचलून डोकं फोडलंत. महादूची धमकी सगळ्या गावानं ऐकली होती. तुम्हाला फक्त शिडी लावायची होती."

"पुरावो खंय आसा?" मास्तरांची शुद्ध भाषा सुटली होती. "एक केस?"

मागच्या बाकावरून कार्मेलिन उठली. मास्तरांची बायको.  तिनं पदराखालून अर्धवट जळलेला गज काढला.

"चुलीत घातलो होतो ह्यांनी. मियां भायर काढलंय." तिनं बाही वर सारली. कोपरापर्यंत जुने-नवे वळ होते, बारीक, सरळ. "पितळेची समई माळ्यावर पडद्याआड आसा. ती धुतल्यानी, पण बुडाक रगात रवला आसा. रविवारी बोलणारी मी."

मास्तरांनी तिच्यावर झेप घेतली. तिचा गळा धरून डोकं बाकावर आपटलं. पुढच्या क्षणी कावेरीचा दंडुका त्यांच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. यज्ञेशनं त्यांना जमिनीवर दाबून धरलं. कार्मेलिनच्या कपाळावरून रक्त वाहत होतं, पण ती मागे सरली नाही.

समई सापडली. मास्तरांच्या धड हातात बेडी घालून त्यांना जीपमध्ये बसवलं.

बाहेर लोकांनी महादूला पाणी दिलं. मघाशी वासा धरलेल्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक झाली रे आमची. जा घराक."

"थांबा," कावेरी म्हणाली. "ह्याला मारणाऱ्यांची नावं यज्ञेश लिहून घेईल. आणि महादू, खून तू केला नाहीस. पण तुळसाचो हात कोणी मोडलो?"

 महादूनं एका डोळ्यानं बायकोकडे पाहिलं.

तुळसा पायरीवरून उठली. 

"मॅडम," ती म्हणाली, "माझी तक्रार लिवून घेवा."

कावेरीनं जीपचं मागचं दार उघडलं आणि महादूला मास्तरांशेजारी बसवलं.