डॉक्टरीणबाईंच्या फियाटचं पिकअप

गाडीचा आवाज ऐकूनच पुंडलिक तिचा रोग सांगायचा. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं, आणि १९८६ साली त्या पट्ट्यात जिच्यापुढे पुंडलिकने हात टेकले अशी एकही गाडी कुणाच्या ऐकिवात नव्हती. म्हणून चिंचणीच्या डॉक्टर दमयंतीबाई आपली पांढरी फियाट घेऊन आल्या, तेव्हा त्याने हातातला चहाचा ग्लाससुद्धा खाली ठेवला नाही.

"पिकअप नाही रे हिला," बाई म्हणाल्या. "ॲक्सिलेटर दाबला की आधी विचार करते, मग निघते. तेही रोज नाही. कधीतरीच."

"कार्बोरेटरमध्ये कचरा असेल. संध्याकाळी घेऊन जा."

कचरा नव्हता. पेट्रोल सोडणारे बारीक छिद्रांचे जेट काढून त्याने उजेडाकडे धरले, आरपार स्वच्छ. ॲक्सिलेटरची केबल सुळकन सरकत होती. तरी त्याने पॉइंट घासले, प्लग बदलले, पेट्रोल पंपाचा पडदा नवा घातला, टायमिंग कानाने लावलं. मग गाडी पालघरपर्यंत पळवून आणली. पाय टेकवायचा अवकाश, की ती सुटत होती.

आठ दिवसांत बाई परत आल्या. पुन्हा तेच. त्याने पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा काही सापडलं नाही. तिसऱ्या खेपेला मात्र त्याने त्यांना स्टूल दिलं. "बाई, नीट आठवून सांगा. कधी कधी झालं? चढावर? गाडी तापल्यावर?"

बाईंनी पर्समधून व्हिजिटची वही काढली. एवढ्या वर्षांत त्यांनी वेळा टिपल्याशिवाय एकही रोगी पाहिला नव्हता.

"पहिल्यांदा केळव्याला जाताना. नरहरीकाकांना छातीत दुखायला लागलं होतं. मी पोहोचले तेव्हा ते गेलेले होते." त्यांनी पान उलटलं. "मग सातपाटीला. साखरबाई." त्या नोंदीतल्या वेळेवर त्यांनी बोट ठेवलं. "मग देवूचा मुलगा, विहिरीत पडलेला."

"आणि नीट चालली तेव्हा?"

"एक बाळंतीण अडली होती, तेव्हा वाऱ्यासारखी गेली. ती वाचली." बाईंनी वही मिटली. "पुंडलिक, गाडी रेंगाळली म्हणून मला उशीर झाला नाही. तिन्ही घरी मी निघायच्या आधीच सगळं संपलेलं होतं. घरच्यांनी सांगितलेल्या वेळा आहेत माझ्याकडे."

पुंडलिक हसला. "योगायोग हो. मशीनला काय कळतं? आता कार्बोरेटरच बदलतो. आणि पुढच्या व्हिजिटला गाडी मी चालवणार. दोष माझ्या पायाखाली आला की सुटला म्हणून समजा."

मुंबईहून आणलेला नवा कार्बोरेटर त्याने बसवला. तो हात पुसत होता, तेवढ्यात नागझरीकडच्या पाड्यावरचा जिवल्या सायकल दामटत आला. बाईंच्या दवाखान्यात त्याला त्या इथे असल्याचं कळलं होतं.

"बाई, बुधाला जनावर डसला. शेतात. लवकर चला!"

बाई बॅग घेऊन पुढे बसल्या. पुंडलिकने पाय ठेवला आणि फियाट अशी सुटली, की त्याला स्वतःलाच सीट धरावीशी वाटली. खड्डे, चढ, वळणं, कुठेही दम नाही. त्याने बाईंकडे पाहिलं.

"बघितलंत? कार्बोरेटर."

बाईंचे खांदे सैल झाले.

बुधा पडवीत आडवा होता, शुद्धीवर होता. घोट्यावर दोन बारीक छिद्रं. त्याची बायको बायडी त्याचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी इंजेक्शन दिलं, डोळे तपासले, नाडी धरून घड्याळ पाहिलं. मग त्या चक्क हसल्या.

"वेळेत आलो. आता पालघरला नेऊ, रात्रभर तिथे ठेवू. उद्या चालत घरी येईल."

बुधाला मागच्या सीटवर बायडीच्या मांडीवर झोपवलं. जिवल्या मागे राहिला. गाडी निघाली तीही झोकात. बायडी खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला पदर आडवा धरून नवऱ्याशी काहीबाही बोलत होती. दुपारचं लख्ख ऊन होतं. रस्ता मोकळा, सपाट.

सूर्या नदीचा पूल मागे पडला, आणि पुंडलिकने ॲक्सिलेटर दाबला.

काहीच झालं नाही.

मग, माणूस हो म्हणण्याआधी थांबतो तेवढ्या वेळाने, इंजिनाचा आवाज वर गेला.

त्याने गिअर खाली घेतला. पुन्हा दाबला. पुन्हा तो थांबा, आधीपेक्षा लांब.

काटे पाहिले. पेट्रोल अर्धी टाकी. इंजिन तापलेलं नाही. कान लावला. आवाजात तिळभर खोट नव्हती.

"बाई..."

"नाडी चांगली आहे," मागे वळून बुधाचं मनगट धरलेल्या बाई घाईने म्हणाल्या. "अगदी चांगली आहे. तू चालव."

त्याने पाय तळापर्यंत नेला. गवताचा भारा बांधलेली एक सायकल घंटी वाजवत त्यांच्या पुढे निघून गेली.

"दादा," मागून बुधा म्हणाला. आवाज स्वच्छ होता, जरा लाजल्यासारखा. "घाय नको करू. मना आता बरा वाटते."

बायडीने सुटकेचा श्वास टाकला आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

बाईंनी मनगट सोडलं नव्हतं. पण त्या आता बुधाकडे पाहत नव्हत्या. त्या पुंडलिकच्या पायाकडे पाहत होत्या.