डाळजच्या तंबूतलं शेवटचं रीळ

डबा उघडला आणि संघपालचा हात आत चाचपतच राहिला. डबा रिकामा होता.

तंबूत दिवे लागलेले. एकच मशीन, म्हणून दर रिळाला दिवे लावायचे, नवं रीळ चढवायचं, लोकांनी तोवर शेंगा फोडायच्या, ही तंबूची रीतच. पण त्या सांजेला शेंगा संपल्या, शिट्ट्या सुरू झाल्या, तरी अंधार काही होईना. पिच्चरमधला विलायती बंडखोर फासाखाली उभा, आणि त्याला सोडवणारं शेवटचं रीळ गायब.

"मशीनवाल्यानं इकलं," पुढून कुणीतरी ओरडलं. मग दगड आला.

सकाळी त्या दगडाचं भोक कनातीत तसंच होतं आणि त्याच्या कडा वाऱ्यानं एकसारख्या फडफडत होत्या. अक्काबाई त्या भोकाकडं बघत उभी राहिली. रान तिचं. गहू निघाला तसं तिनंच ते बारामतीच्या आनंदरावाला तंबूसाठी दिलेलं. मशीनवरचा पोरगाही तिचाच, धाकटा.

संघपालला बारामतीच्या एसटी डेपोत मेकॅनिकची नोकरी लागल्यात जमा होती. पोलिसांकडून चालचलणुकीचा दाखला तेवढा जायचा होता. आणि आनंदराव म्हणत होता, जेवणवेळेपर्यंत रीळ मिळालं नाही तर मी भिगवणच्या चौकीत जाणार. चोरीचा शिक्का बसला की दाखला गेला आणि नोकरीही गेली.

अक्काबाईनं शाळेची पायरी दोन पावसाळे चढली असेल नसेल. पण तिच्या तोंडाला लागायचं तर गावातली माणसं आधी घरून पाणी पिऊन यायची.

"रीळ काय बिडी हाय व्हय, कानावर ठिवून न्यायला?" ती म्हणाली. "परातीएवढी चकती. हाय हितंच कुठंतरी. तू नीट सांग, काय काय झालं."

संघपालनं मान खाली घालूनच सांगितलं. रिळांचे डबे टेम्पोत असतात. टेम्पो तंबूच्या मागं, बायकांच्या बाजूला उभा. दाराला कुलूप. किल्ल्या दोन. एक मालकाच्या कमरेला, दुसरी मशीनजवळच्या खिळ्याला.

"जिन्यावरच्या मारामारीचं रीळ आणायला गेलो, तवा शेवटचं डब्यात हुतं. उघडून बघितलं म्या."

"आन किल्ली?"

"आणून खिळ्याला अडकवली. मारामारी संपल्यावर परत गेलो, तर कुलूप जागच्या जागी आन डबा रिकामा. टेम्पोतला एकूणएक डबा उघडून बघितला."

"मंजी मारामारी चालू आसतानाच कुणीतरी कुलूप उघडलं."

"व्हय. पर हे माझ्याच तोंडचं हाय, आये. इश्वास कोण ठिवतंय." तो थोडा थांबला. "मालक सकाळीच म्हणला, डेपोचं खूळ सोड, माझ्याकडंच ऱ्हा, मी चौकीत जात न्हाय."

"मग तू?"

"म्या म्हणलं, केलं न्हाय ते पदरात कशाला घिऊ."

अक्काबाईनं पदर खोचला आणि तंबूत शिरली.

तंबू आत दोन भागांत वाटलेला. मधोमध पडदा. पुढून बाप्ये बघायचे, मागून बाया. कापड पातळ, त्यामुळं चित्र दोन्हीकडं उमटायचं. बापयांनी मागं यायचं नाही आणि बायांनी पुढं जायचं नाही, हा कायदा कुणी केला कुणास ठाऊक, पण मोडलेला कुणी बघितला नव्हता. कालचा पिच्चर अक्काबाईनं मागूनच बघितला होता. स्वस्तातला पिच्चर. किल्ल्याचं दार आपटलं की भिंत हलायची आणि तेच घोडे फिरून फिरून यायचे. पण जिन्यावरच्या मारामारीला तीसुद्धा शेंगा खायची विसरली होती.

आनंदराव मशीनजवळ, टेम्पोतून काढून आणलेल्या जादा कनातीच्या गाठोड्यावर बसला होता. एरवी अक्काबाई दिसली की हा माणूस उठून उभा राहून जयभीम घालायचा. आज बसूनच हात जोडले. रात्रभर झोप नसेल, तिनं मनात म्हटलं.

"आनंदराव, जिन्यावरची मारामारी चालली हुती तवा तुमी कुठं हुता?"

"खुर्चीत. पहिल्या रांगेच्या कडेला, कनातीला लागून. रोजची जागा."

"कुणी उठून गेलेलं दिसलं?"

"अंधारात कोण दिसणार, अक्का. आणि माझी नजर पडद्यावरून हलली नाही. नव्या पिच्चरची पेटी, कालच पुण्याहून आली. मीसुद्धा पहिल्यांदाच बघत होतो."

"काय काय बघितलं?"

"परीक्षा घेताय काय?" तो हसला, पण हसू ओठांच्या पुढं गेलं नाही. "चौघांनी बंडखोराला जिन्यावर घेरला. तोवर नुसते घोडे आणि काठ्या, तलवार पहिल्यांदा तिथं निघाली. डाव्या हातानं अशी फिरवली गड्यानं, की चौघं खाली. मग मामलेदारानं त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या गळ्याला सुरी लावली, तेव्हा कुठं तलवार टाकली."

अक्काबाईनं मान हलवली. तिनंही तेच बघितलं होतं.

"मी माणुसकी बघतोय, अक्का," आनंदराव म्हणाला. "पोराला समजवा. जेवणवेळेनंतर माझाही इलाज नाही."

बाहेर माणसं जमायला लागली होती. त्यातली निम्मी गेणबाकडं बघत होती. गेणबा पुढच्या दाराचा राखणदार. त्याच्या मेव्हण्याचं इंदापुरात व्हिडिओचं दुकान. तंबू बुडाला तर मेव्हण्याचं भलं, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. खिळ्यावरची किल्ली त्याच्या हाताला लागण्याजोगी होती, तेही कळत होतं.

"गेणबा, हिकडं ये," अक्काबाईनं बाहेर बांधापाशी येऊन हाक मारली. "मारामारीच्या टायमाला कुठं हुतास?"

"दारात. आजून कुठं?"

"दारातनं पडदा दिसतो?"

"चांगला दिसतो. समदी मारामारी बघितली म्या."

"बंडखोर कसा लढला सांग."

"कसा मंजी? जिन्यावर चढत चढत. उजव्या हातात तलवार, डाव्या हातानं कठडा धरलेला."

"उजव्या?"

"उजव्या."

"पुन्यांदा सांग."

"उजव्या, अक्का. आपल्यावानीच."

"खोटं बोलतोस," अक्काबाई म्हणाली. "तो डावरा हुता. म्या माझ्या डोळ्यानं बघितला. मालकानं बी बघितला. तू दारात न्हवतासच. टेम्पोपाशी हुतास."

दोघांनी पुढं होऊन गेणबाचं मनगट धरलं.

"दत्तोबाला इचारा," तो म्हणाला. "मारायचं तर मारा, पर आदी दत्तोबाला इचारा."

दत्तोबा हा तंबूचा आवाज. पिच्चर इंग्रजी, त्यामुळं पडद्याच्या पुढं माईक धरून तो मराठीत सांगत जायचा. दिसेल ते सांगायचा, न दिसेल ते ठोकून द्यायचा. मामलेदार हे नावही त्यानंच ठेवलेलं. काल तो सुरुवातीपासून बोलत होता, म्हणजे त्याच्यावर कुणाचा संशय यायचा प्रश्नच नव्हता. घसा बसलेला, हातात गरम पाण्याचा तांब्या.

"उजवा हात," दत्तोबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गेणबा बरोबर बोलतोय. मी पडद्याच्या पुढ्यात हुतो की, अक्का."

दुसरा एक म्हणाला, उजवाच. तिसराही तेच. गेणबाचं मनगट सुटलं.

अक्काबाईची कानशिलं तापली. चारचौघांत तोंडघशी पडायची तिला सवय नव्हती. ती तडक बायकांच्या दाराशी गेली. तिथं भामाबाई राखणीला असायची.

"भामा, कालचा गडी कुठल्या हातानं लढला?"

"डाव्या. का वो?"

"पक्कं?"

"माझा दादला डावरा हाय. मला डावा हात वळकायला शिकवू नगा."

"काल हिकडनं कुणी बाप्या आत आला?"

"बायकांत? टांगा मोडल्या आसत्या. बाहेर टेम्पोकडं अंधारात कोण हुतं, ते मला ठावं न्हाय. म्या पिच्चर बघू का अंधार बघू?"

अक्काबाई बांधावर बसली. वारा थांबायचं नाव घेत नव्हता. पदर उडून तोंडावर आला, तो तिनं दोन्ही हातांनी धरला. पदरावर पोपट छापलेले, चोच उजवीकडं. जुनं लुगडं, धुऊन धुऊन पातळ झालेलं. उन्हात धरलं तसे पोपट मागच्या बाजूनंही दिसले. चोच डावीकडं.

ती पदराकडं बघत राहिली. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

मग ती उठली आणि आधी दत्तोबाकडं गेली.

"माईकमंदी हात सांगितला हुतास का? डावा का उजवा?"

"छ्या. हात काय सांगायचा? तलवार उपसली, चौघं लोळवली, बापाच्या गळ्याला सुरी लावली. येवढंच."

"भोंगा तंबूच्या बाहेर ऐकू येतो?"

"पार हायवेला ऐकू येतो."

जेवणवेळ झाली. आनंदरावानं पायात वहाणा घातल्या होत्या, पण गाठोड्यावरून उठला मात्र नव्हता. अक्काबाई समोर येऊन उभी राहिली. मागं संघपाल, गेणबा, दत्तोबा, भामाबाई, आणि बघायला आलेलं अर्धं गाव.

"चौकीत जायचं न्हवं, आनंदराव? मग उठा की."

"रीळ मिळालं का ते सांगा."

"सांगते. आदी एक सांगा. बंडखोर कुठल्या हातानं लढला?"

"सकाळीच सांगितलं. डाव्या."

बापयांत कुजबूज झाली. आनंदरावाला ती कळली नाही. त्यानं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं.

"हितल्या येकूणयेक बापयानं उजवा हात बघितला," अक्काबाई म्हणाली. "बायांनी डावा. खोटं कुणीच बोलत न्हाय. पदराचा पोपट मागनं बघितला की चोच फिरती, तसाच पडदा. पुढनं जो उजवा, तो मागनं डावा. मंजी ज्याला डावा दिसला, तो पडद्याच्या मागं हुता."

"मी खुर्चीत होतो."

"खुर्ची हुती. तुमी न्हवता. कनातीला लागून बसता, कनात उचलली की माणूस बाहेर. बाहेरनं टेम्पोपाशी गेलात, कमरंची किल्ली लावली. तितनं कनातीच्या फटीतनं जिन्यावरची मारामारी दिसली, बघत उभं ऱ्हायलात. उरलेलं दत्तोबाच्या भोंग्यानं सांगितलं. भोंग्यानं सांगितलं ते तुमी समदं बरोबर बोललात. हात तेवढा त्यानं सांगितला न्हवता, तो तुमी सोताच्या डोळ्यानं बघितला."

"मालकाला ठाऊक नसंल व्हय, मागनं उलटं दिसतं ते?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"कुठनं ठाऊक आसणार?" अक्काबाई वळलीसुद्धा नाही. "गावोगाव तंबू लावला, पर बायांच्या बाजूला बसून येक पिच्चर कवा बघितलाय का त्यानं? काल पहिल्यांदा बघितला, आन तो बी चोरून."

आनंदरावाच्या कपाळावर घाम होता. वाऱ्यातही तो वाळत नव्हता.

"माझा पिच्चर मीच कशाला बुडवीन?"

"पिच्चर आज दावता आला आसता. जेवणवेळंला रीळ सापडलं म्हणायचं, हाय काय आन न्हाय काय. तुमाला पिच्चर बुडवायचा न्हवता, डेपोची नोकरी बुडवायची हुती. आळ आला की पोरगं घाबरंल, पाया पडंल, आन जलमभर मशीनला चिकटंल. सकाळीच इचारलंत त्याला, माझ्याकडंच ऱ्हा म्हणून. ज्याच्यावर चोरीचा संशय, त्याच्याच हातात कुणी मशीन देतं का, आनंदराव?"

आनंदरावाची नजर गाठोड्याकडं गेली.

"आता उठा. सकाळधरनं गाठोड्यावर अंडी उबवताय. मला बघून बसून ऱ्हायलात, तवाच मला कळाय पायजे हुतं. टेम्पोतच ठिवलंत ह्या घडीत, आन उजाडल्यावर वढून बुडाखाली घेतलंत."

आनंदराव उठला नाही. गेणबानं त्याला दंडाला धरून बाजूला केलं, तेव्हा त्यानं जोरही लावला नाही. कनातीच्या दुसऱ्या घडीत रीळ होतं.

कुणीतरी हात उगारला. अक्काबाईनं नुसतं बघितलं, हात खाली आला.

"माणूस मिळत नाही, अक्का," आनंदराव बोलला तो जमिनीकडं बघून. "घराघरात टीव्ही, पोरं सगळी व्हिडिओवर. मशीन शिकायला कुणी उभं राहत नाही. हा गेला की मला तंबू गुंडाळावा लागणार होता."

"माणूस मागायचा हुतास. माझ्या दारात यून मागितला आसतास, तर मी इचार केला आसता." तिचं 'तुमी' आता संपलं होतं. "त्याचं नाव कशाला मागितलंस? नाव देऊन पोट भरायला आमी काय उकिरड्यावरनं उचलून आणलंय ते? माझ्या सासऱ्यानं गावकीची वतनाची कामं सोडली ती नावापायीच."

ती दत्तोबाकडं वळली. "भोंगा चालू कर."

जनरेटर धडधडायला लागला. दत्तोबानं माईक आनंदरावाच्या हातात दिला. आनंदरावानं तो तोंडाशी नेला, खाली आणला, परत नेला.

"डाळजकर मंडळी," तो म्हणाला, आणि हायवेवरच्या धाब्यापर्यंत ऐकू गेलं. "रीळ मी काढलं होतं. संघपालचा काही दोष नाही. चोरी मी केली."

"बापाचं नाव घिऊन सांग," अक्काबाई म्हणाली.

त्यानं बापाचं नाव घेऊन सांगितलं.

गर्दी पांगायला लागली. गेणबा तिथंच घुटमळत राहिला. अक्काबाई त्याच्यापाशी गेली. माफीचे शब्द तिला येत नव्हते, आयुष्यात लागले नव्हते.

"घरला चल," ती म्हणाली. "भाकरी खाऊन जा."

गेणबानं मान डोलावली. त्याला पुरलं.

संघपाल रीळ हातात घेऊन उभा होता. "आये, सांजच्या खेळाला लोक येतील. आर्धवट पिच्चर बघून गेल्यात."

"मग लाव की पिच्चर. लोकांनी काय केलंय? उद्याच्या पहिल्या यस्टीनं बारामतीच्या डेपोत जा, दाखला आला का बघून ये." ती आनंदरावाकडं वळली. "आन तू. आज खुर्चीत बसायचं न्हाय. पोराच्या शेजारी हुबा ऱ्हा आन मशीन शिकून घे. दुसऱ्याच्या हातावर आजवर लई जगलास."

आनंदरावानं पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. मग त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सरकवल्या. संघपालनं रिळाचं टोक सोडवून त्याच्या बोटांत दिलं.

"घट्ट वढू नगा, मालक," तो म्हणाला. "तुटतं."