मूठभर मीठ

"अहो, निळी टोपी... जरा धरता का?"

सुपाच्या स्टॉलवरच्या तरुणाने विचारलं आणि उत्तराची वाटही न बघता डाव तिच्या हातात दिला. रांगेत ती पहिली होती, एवढाच तिचा गुन्हा. समोर हंड्याएवढं पातेलं, त्यात माशांचं सूप मंद रटरटत होतं. मागे त्याची आई खाली मान घालून पाव कापत होती.

"नुसतं ढवळत राहा, खाली लागू देऊ नका. मी गाडीतून कॅन घेऊन आलोच."

"आणि मी सूप घेऊन पळाले तर?"

"एवढं पातेलं घेऊन? मग मीच मागे येईन... उचलू लागायला."

तो हसला आणि तिला वाऱ्याने उडणारी टोपी सावरायचं निमित्त मिळालं, म्हणून बरं. नाहीतर गाल लपवायला जागा नव्हती.

वहिनीबरोबर ती सकाळच्या बसने या समुद्राकाठच्या गावी आली होती, खाद्यमहोत्सवाला. वहिनी केकच्या तंबूत शिरली होती आणि तिथून ती लवकर बाहेर पडण्यातली नव्हती. घरी वहिनी हिला 'मास्तरीण' म्हणायची. कारण हिला दुसऱ्याच्या ताटातलंही मीठ कमी की जास्त ते सांगितल्याशिवाय घास गिळवत नसे. हाताला चव होती हे खरं, पण ती आहे हे तिला स्वतःला जरा जास्तच माहीत होतं.

तर मास्तरणीने ढवळता ढवळता चमचाभर सूप चाखलं. अळणी! इतकं सुरेख सूप आणि मिठाचा पत्ता नाही. बिचारा घाईत विसरला असणार. टेबलावर तळलेल्या माशांसाठी मिठाची बरणी होतीच. तिने मूठभर मीठ पातेल्यात टाकलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. आता कसं! तो आला की सांगायचं आणि त्याचा चेहरा बघायचा, असं तिने ठरवलंही.

तो कॅन घेऊन आला. "काय काम करता तुम्ही? ढवळायचा हात चांगला आहे."

"चष्म्याच्या दुकानात आहे. लोकांच्या नाकावर चष्मे बसवते."

"म्हणजे दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघता?"

"पगार त्याचाच मिळतो."

"आणि आत्ता बघताय ते... फुकट?"

तिने पटकन पातेल्यात बघितलं. सांगायचं होतं ते या गडबडीत राहूनच गेलं. तेवढ्यात आई आली, एप्रनला हात पुसले, कॅन उचलला आणि डोळे मिटून अंदाजाने पाणी ओतू लागली.

"हे कसलं पाणी?" तिने विचारलं.

"समुद्राचं," तो म्हणाला. "होडीने आत जाऊन आणायचं, गाळून उकळायचं. आमच्या सुपात मीठ नाहीच पडत. शेवटी हे ओतलं की झालं. आणि माप फक्त आईच्या हातात."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. बोल, आत्ता बोल... पण कसं? ज्याच्यापुढे मिरवायचं त्याच्याच पुढे हात दाखवून अवलक्षण! पाणी ओतून झालं. तिने डाव खाली ठेवला.

पहिल्या गिऱ्हाइकाने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. दुसऱ्याने वाटी तशीच परत दिली. त्याने स्वतः चाखलं आणि आईकडे बघितलं.

"आई... जास्त पडलं."

"नेहमीएवढंच ओतलं रे."

"परवा गॅस चालू राहिला होता. त्याआधी चावी हरवलीस." तो रागावला नव्हता, अगदी मऊ आवाजात बोलत होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "पुढच्या वर्षी तू नुसती बसून राहा. मी बघेन सगळं."

आई स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली, मग एप्रनची गाठ सोडली.

आणि ती? ती गर्दीतून सटकली. होय, सटकली. केकच्या तंबूशी वहिनी भेटली.

"काय गं मास्तरीण, तोंड का उतरलंय? सूप बिघडलं होतं?"

चोराच्या मनात चांदणं. "तुला कोणी सांगितलं?" ती किंचाळलीच.

मग बाकावर बसून तिने सगळं सांगितलं. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बाईचा स्वतःच्या हातावरचा विश्वास आपण काढून घेतला आणि वर पळून आलो. वहिनी एरवी चिडवायची एक संधी सोडत नसे. आज तिने फक्त विचारलं, "मग इथे काय करतेयस?"

परतीची वाट थोडीशीच होती, पण पाय उचलत नव्हते. त्याला खरं कळलं की संपलंच. ते हसणं, ती टोपी, सगळंच.

तो पातेलं उतरवत होता. आई कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. ती सरळ आईसमोर गेली.

"काकू, तुमचा हात चुकला नाही. मी मीठ टाकलं. मूठभर. तुम्ही पाणी ओतताना मला कळलंही होतं, आणि मी गप्प बसले."

आई बघतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले. "अगं पोरी... मला वाटलं, मी खरंच विसरायला लागले."

ते ऐकून मास्तरणीला रडूच फुटलं. तो जागच्या जागी उभा होता. मग पातेलं सोडून आला आणि आईच्या पायाशी बसला.

"मी तुला विचारलंसुद्धा नाही, आई. सरळ धरूनच चाललो."

"आता दोघं रडत बसा," आई उठत म्हणाली, "आणि सूप मांजरांना घाला. बटाटे कुठायत? गाडीत वेगळं ठेवलेलं बिनमिठाचं सूप आण. निम्मं पातेलं तरी वाचेल."

तिने न सांगता सुरी घेतली. तोही शेजारी सोलायला बसला. सालींचा ढीग वाढत गेला.

"काकूंना सांगायलाच मी परत आले असं समजू नका," ती खाली बघत म्हणाली. "म्हणजे... त्यासाठी आलेच. पण तुम्ही मला चांगली समजावं, असंही वाटत होतं. त्याचीच जास्त लाज वाटतेय."

तो थांबला. हातातला बटाटा उगाच फिरवत राहिला.

"चांगली नाही समजत आता," तो म्हणाला.

तिने मान हलवली. खरंच होतं ते.

"मलाही आज माझी लाज वाटतेय. एकट्याला वाटण्यापेक्षा..." तो अडखळला, आणि पहिल्यांदाच त्याला चटकन काही सुचलं नाही. "तुम्ही जाऊ नका."