आडवा काप

"माझ्या बायकोचं नाव चोरीला गेलंय," म्हातारे सर म्हणाले आणि भाऊजींना चहाचा ठसका लागला. खासगी तपास करणाऱ्या त्यांच्या वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "नीट सांगा."

चाळीस वर्षांपूर्वी सरांनी नवी जात म्हणून एका स्पंजाला बायकोचं नाव दिलं होतं. एके काळी समुद्रात खडकाच्या भिंती उभारणारा, आता दगड होऊन बसलेला स्पंज. बायको गेली, नाव तेवढं उरलं. आणि परवापासून संग्रहालयातून तो दगडच गायब! भिंगाखाली पाहायला काढलेल्या त्याच्या पातळ कापाची काचपट्टी मात्र खणात तशीच होती.

संग्रहालयात पोचताच भिंगापाशी बसलेल्या मुलीकडे पाहत भाऊजी कुजबुजले, "सरांची ती विद्यार्थिनीच हो! नाव चुकीचं आहे म्हणून गावभर सांगत फिरतेय."

विद्यार्थिनीने काचपट्टी भिंगाखाली सरकवली. "हे स्पंज सांगाड्यावरून ओळखतात. पापुद्रे, आणि त्यांना टेकू देणारे खांब. इथे नुसते ठिपके आहेत, म्हणून सरांना जात नवी वाटली. मला वाटतं, जात जुनीच, म्हणजे नावही जुनंच राहणार; दगड आडवा कापला गेलाय. मग खांबांची टोकंच दिसणार ना! मी सोमवारीच काकांना सांगितलं, उभा कापून द्या."

दगड कापणारे काका मान वर करेनात. "यंत्र आठ दिवस बंद आहे, ताई."

वहिनींनी करवतीखालच्या थाळीत बोट बुडवलं. ओला चिखल! त्यांनी सगळ्यांना तिथेच बसवलं.

"भाऊजी, दगड हा तर पोरीचा पुरावा. तो ती कशाला लपवेल? लपवला तो नाव वाचवणाऱ्याने. सरांनी लपवला असता तर मला बोलावलं नसतं. आणि बंद यंत्राखाली आठ दिवस चिखल ओला राहत नाही. काका, तुम्ही दगड उभा कापलात, पापुद्रे पाहिलेत आणि घाबरलात. खरं ना?"

काका ढसाढसा रडायला लागले. "तेव्हा आडवा मीच कापला होता हो! बाईसाहेबांनी माझ्या लेकीला वाचायला शिकवलं. त्यांचं नाव माझ्याच हाताने कसं पुसू?" त्यांनी डब्याच्या पिशवीतून दगड काढला.

सरांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. मग कितीतरी वेळ भिंगातून पाहिलं.

"खोड ते नाव," ते विद्यार्थिनीला म्हणाले.

तिने पेन काचपट्टीवरच्या नावावर टेकवलं, पण तिच्याने खोडवेना.

"खोड, बाळ. माझ्या लेखांतल्या सगळ्या चुका तीच काढायची. एवढी एक तिच्या नजरेतून सुटली होती."