डबीला तिथी कळत नाही

एका डबीच्या जिवावर कुलदीपशेठच्या पदरात काय काय पडणार होतं! मैल्याच्या टँकरची वाट बघणं बंद. खाडीकाठच्या त्याच्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांच्या नाकावरचे रुमाल बंद. आणि खाडीला वास सुटलाच, तर दोष द्यायला नीराबाई आयती!

नीराबाई खाडीतले शिंपले, म्हणजे तिसऱ्या, वेचून विकायची. "हिच्या सडक्या शिंपल्यांचीच घाण आहे," असं शेठने चारचौघांत सांगितलं, आणि सरपंच कृष्णाबाईंनी उद्यापासून तिची बाजारातली जागा काढायचं ठरवलं. नीराबाईची नात प्राप्ती तेव्हापासून धुमसत होती. सुट्टीला पनवेलहून आलेला तिचा आत्तेभाऊ प्रणय खाडीकाठी नाक दाबून धुमसत होता.

"ई! चिखलावर साय धरलीय! आणि हे कागद... शी! कसले ते विचारू नकोस!"

"शिंपले कधीपासून कागद वापरायला लागले रे?" प्राप्ती म्हणाली.

तिवरांच्या झाडीत एक पाइप लपवलेला होता. त्याच्या मागोमाग दोघं रिसॉर्टच्या मागच्या भिंतीपाशी पोचली. तिथे पंपाला जोडलेली एक डबी लुकलुकत होती.

"कॉम्प्युटर आहे हा!" प्रणय कुजबुजला.

"जा रे! कीबोर्ड कुठाय? माऊस?"

"लागत नाही. आतल्या चिपला एकच काम शिकवलेलं असतं. वॉशिंग मशीन, लिफ्ट, कंडक्टरचं तिकीटयंत्र, सगळ्यांत असा एकेक बसलेला असतो. हा वेळ बघतो नि पंप चालू करतो. बघ आकडे, वेळ लावलीय दुपारी बाराची!"

प्राप्ती थबकली. पौर्णिमेला बाराच्या सुमाराला खाडी तुडुंब भरते, सगळं गुपचूप वाहून जातं. पण आज तर अष्टमी! आज त्या वेळेला ओहोटी!

"शेठने पौर्णिमेची भरती बघून वेळ लावली! त्याला वाटलं, भरती रोज तेव्हाच येते! डबीला घड्याळ कळतं, तिथी कळत नाही!"

"शेठला तरी कुठे कळते?"

बाराच्या आधीच दोघांनी कृष्णाबाईंना ओढत बांधावर आणलं. मागोमाग नीराबाई आली, आणि पांढरे बूट घालून कुलदीपशेठही.

"बाई, पोरांचं काय ऐकता? माझा एक थेंब खाडीत जात नाही!"

तेवढ्यात तिवरांत काहीतरी गुरगुरलं. पाइप खोकला, आणि त्याने काळा, फेसाळ घाणीचा लोट उघड्या चिखलावर ओकला! कृष्णाबाईंनी पदर नाकाला लावला.

"बंद! बंद कर!" शेठ पाइपावरच ओरडला.

"शेठ, डबी मालकाला ओळखत नाही!" प्रणय ओरडला. "फक्त घड्याळाला ओळखते!"

शेठ बुटाने पाइपाचं तोंड दाबायला धावला, आणि पाय सरकून थेट त्या लोटात बसला.

"आता सांगा शेठ," नीराबाई शांतपणे म्हणाली, "वास कोनाचा हाय?"

कृष्णाबाई प्राप्तीकडे वळल्या. "आम्ही मोठी माणसं नुसती नाकं दाबत बसलो गं! तुम्ही वासाचा माग काढलात. शाब्बास! नीराबाई, तुझी जागा तुझीच. चुकलं माझं."

शेवटी कुणाला काय किंमत पडली? शेठला बूट, अब्रू आणि स्वतःच्या हाताने काठ धुणं. डबी निर्दोष सुटली. आणि तिसऱ्या? त्यांनी ती सगळ्यांच्या आधीच मोजली होती. चिखलात तोंडं उघडी टाकून मरून पडल्या होत्या. त्यांना शाब्बास म्हणायला कुणीच आलं नाही.