याडीनं चावलेलं पान

ज्या भाज्या माझी सासू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून ओटीभर खुडून आणायची, त्यांच्यासाठी यंदाच्या श्रावणात आम्हाला मोहीम काढावी लागली! मोहीमच म्हणते मी. कारण आम्ही दोर, विळा, भाकरीचं गाठोडं, चहाचं पातेलं अन् काडेपेटी घेऊन घरातून निघालो होतो. डोंगर उतरून, नाला ओलांडून पलीकडचं जुनं ठाणं गाठायचं होतं. कशासाठी? तर घोळ, कुंजर, पाथरी अन् तांदुळज्यासाठी. हसू येत असेल तर खुशाल हसा. आमच्या साखरा गावाकडच्या रानात आता बांधावर हिरवं दिसलं की ते गाजरगवतच असतं. बाकी सगळं तणनाशकानं जळून गेलंय.

आणि हे जाळतं कोण? नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागणार. देविदास! पंप पाठीवर घेऊन अर्ध्या शिवाराला फवारा मारून देणारा माझा नवरा. त्याला तण दोनच प्रकारचं माहीत आहे, रुंद पानाचं आणि बारीक पानाचं. कोणत्या डब्यातलं औषध कोणत्यावर चालतं हे तो झोपेतही सांगेल. त्यातलं खायचं कोणतं, हे त्यानं आयुष्यात कधी विचारलं नाही. ते काम त्याच्या आईचं.

तिचं नाव मिराबाई. आमच्या बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात, मीही सासूला याडीच म्हणते. पावसाळ्यातल्या रानभाजीचं आमच्याकडे एक बंधन आहे. पातेलं चुलीवर चढण्याआधी याडी खुडलेल्या ढिगातून एक पान उचलते, कच्चं चावते, डोळे मिटते आणि मान हलवते. तिनं मान हलवली की शिजवायचं, थुंकली की उकिरड्यावर. "डोळा फसतो, जीभ फसत न्हाई," हे तिचं ब्रीद. शेजारपाजारच्या बायकासुद्धा पदरात पाला घेऊन आमच्या दारात यायच्या. सून म्हणून मी तिच्याशी रोज भांडले असेन, पण ह्या बाबतीत तिच्यापुढे कधी तोंड उघडलं नाही.

तालुक्याला दर श्रावणात रानभाज्यांचा महोत्सव भरतो. तिथं पहिला नंबर याडीचाच, हे ठरलेलं. पण गेल्या वर्षी परीक्षकबाईंनी तिची भाजी तोंडात घातली आणि तोंड वेडंवाकडं करून कागदात थुंकली. पहिला नंबर दुसऱ्याच बाईला गेला. त्यानंतर पदरात पाला घेऊन येणाऱ्या बायका कमी झाल्या. यंदा तिला तो नंबर परत हवा होता. नंबर कसला, तिला तिचा शब्द परत हवा होता.

"जुन्या ठाण्यावर जाऊ," ती म्हणाली. "तिथं औषधाचा थेंब बी पडला नसंल."

जुनं ठाणं म्हणजे आमच्या पूर्वजांची लदेणी, म्हणजे पाठीवर मिठाच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे, जिथं मुक्काम करायची ती जागा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणामुतानं तिथली माती काळीभोर झालेली. आता तिकडे गुराखीही फिरकत नाहीत.

याडी, देविदास अन् मी निघालो. चौथा गडी दीक्षा, अमृतराव मास्तरांची मुलगी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. कृषीची पदवी घेऊन आलेली. पानाचा फोटो काढला की नाव सांगणारं काहीतरी तिच्या मोबाइलमध्ये होतं. याडी त्या मोबाइलला "तुझी सासू" म्हणायची!

डोंगराची उतरण चिखलानं गुळगुळीत झाली होती. मी दोनदा घसरले. देविदासनं झाडांना दोर बांधत, सोडत आम्हाला एकेक करून खाली घेतलं. खालचा नाला गुडघाभर होता. गोट्यांवरून, एकमेकांच्या हाताला धरून आम्ही तो पार केला आणि पलीकडच्या दरडीवर चढून उभे राहिलो.

काय हिरवं होतं ते! पडक्या दगडी ओट्यांमधून, जुन्या चुलींच्या खड्ड्यांमधून तण मांडीपर्यंत माजलं होतं. याडी तर वयानं दहा वर्षं लहान झाली. वाकली, खुडत सुटली, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"ही पाथरी. पान मोड, दूध निघतं का बघ. ही घोळ, देठ लाल, पान जाड, नखानं फुटतं. हा तरोटा, कवळा असंस्तोवरच खायचा, मंग म्हातारा झाला की कोणी इचारत न्हाई... माझ्यावानी!"

दीक्षानं मोबाइल वर धरून पाहिला. "मावशी, इथं रेंजच न्हाई."

"बरं झालं. तुझी सासू घरीच ऱ्हाऊ दे."

टोपलं भरलं. याडीनं प्रत्येक जुडी स्वतः बांधली, वर ओलं फडकं टाकलं आणि टोपल्याकडे असं पाहिलं की मलाही वाटलं, यंदा नंबर गेला कुठं!

तेवढ्यात पश्चिमेकडून अंधारून आलं. पाऊस आमच्यावर जरासाच पडला. खरा पडला तो वर, डोंगराच्या माथ्यावर. आम्ही दरडीशी आलो तेव्हा नाला गढूळ झाला होता. बघता बघता त्याचा आवाज बदलला. घरघर. मग गर्जना!

"चला, आत्ताच उतरू!" देविदास ओरडला. त्यानं भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेतलं, दोर कमरेला बांधला, टोक आमच्या हाती दिलं आणि पाण्यात शिरला. पाणी गुडघ्याला. मांडीला. छातीला! एक वाहून आलेलं बाभळीचं खोड त्याच्या बरगडीवर आदळलं आणि तो दिसेनासा झाला.

"ओढा!" दीक्षा किंचाळली. आम्ही तिघींनी टाचा चिखलात रोवल्या. दोरानं तळहात सोलले. ओढलं, पुन्हा ओढलं. देविदास खोकत, ओकत काठाला लागला. गाठोडं गेलं ते गेलंच.

दरडीच्या वर एक कपार होती, तिथं आम्ही आसरा घेतला. भूक लागलेली, कपडे ओले, पाणी कधी उतरेल त्याचा नेम नाही. पातेलं आणि काडेपेटी तेवढी दीक्षाच्या पिशवीत कोरडी राहिली होती. मी म्हटलं, "याडी, टोपल्यातलं थोडं शिजवू."

"टोपल्याला हात लावायचा न्हाई!" ती कडाडली. "हे महोत्सवाचं हाय. भवताली काय कमी हाय का? देवा, जा, मूठभर तांदुळजा घेऊन ये."

आणि गेला कोण? ज्याला रुंद पान आणि बारीक पान एवढंच कळतं तो! भुरभुर पावसात तो ओट्यांमागे गेला आणि मुठी मुठी पाला ओरबाडून घेऊन आला. कोवळी, ओली, एकमेकांना चिकटलेली पानं. कपारीतल्या धुरात सगळी सारखीच दिसत होती. तरी आम्हाला काळजी नव्हती. बंधन होतंच ना.

याडीनं एक पान उचललं. चावलं. डोळे मिटले. आणि मान हलवली.

पाला शिजला. तिनं कनवटीची मिठाची पुरचुंडी सोडली आणि मीठ टाकलं. पळसाच्या पानावर पहिलं वाढलं देविदासला. तो अधाशासारखा जेवला. मी दोन घास घेतले. दीक्षानं पहिलाच घास बाजूला थुंकला.

"मावशी, लई कडू लागून राहिलं हे."

"रानभाजी हाय, बासुंदी न्हाई," देविदास तिच्यावर खेकसला. "याडीनं चावून बघितलं ना? मंग?"

मलाही कडू लागत होतं. जिभेच्या मुळापर्यंत कडू. पण याडीनं मान हलवली होती. आमच्या घरात त्यापुढे कोणाच्या जिभेला किंमत नव्हती, माझ्या स्वतःच्या जिभेलासुद्धा! मी दुसरा घास गिळला. याडी नेहमीसारखी शेवटी जेवणार होती, पण "तू पाण्यात लई दमला रे" म्हणत तिनं पातेल्यातलं उरलेलंही लेकाच्याच पानावर ओतलं.

थोड्या वेळानं माझ्या तोंडाला कोरड पडली. पाणी प्यायले तरी कोरडच. देविदास उठून उभा राहिला. चेहरा लालबुंद, डोळ्यांतली काळी बुबुळं भलतीच मोठी.

"ढग फुटायच्या आत उरकतो," तो म्हणाला. "सहा सऱ्याच राहिल्या."

"कसल्या सऱ्या, अहो?"

त्यानं पाठीवर नसलेला पंप सावरला. डाव्या हातानं नसलेला दांडा हापसायला लागला, उजव्या हातानं नसलेली नळी फिरवू लागला. दगडांवर, चुलीवर, आमच्यावर! "बाजूला व्हा! औषध हाय, तोंडात जाईल!" असं ओरडत तो कपारीबाहेर पडला. समोर दरड, आणि दरडीखाली फुगलेला नाला.

"धरा त्याला!"

मी धावले. पुढचं धूसर दिसत होतं. दीक्षा माझ्या पुढे गेली. तिनं त्याच्या कंबरेला मिठी घातली, त्यानं तिला झटकली. ती आपटली, पुन्हा उठली! दोर अजून त्याच्या कमरेलाच होता, ओला पीळ सुटला नव्हता. याडीनं दोराचं मोकळं टोक पकडलं, धावत जाऊन कडुलिंबाच्या खोडाला दोन वेढे दिले आणि अंग मागे टाकलं. देविदासचा एक पाय दरडीबाहेर गेला होता. दोर ताणला. कुरकुरला. टिकला!

तिघींनी मिळून त्याला झाडाशी बांधला. तो हवेत हात हलवत फवारत राहिला. आपल्याच आईवर फवारत राहिला.

मी कपारीत जाऊन न शिजवलेला उरलेला पाला उपसला. तांदुळज्याच्या गर्दीत दुसरीच पानं होती, वास उग्र, कडा दातेरी. एका शेंड्यावर लांबुळकी कळी. धोतरा! महादेवाला वाहायचा धोतरा आम्ही पोटात घातला होता. मी त्यातलं एक पान याडीच्या हातात दिलं.

"याडी, हे चावा."

तिनं चावलं. सावकाश चघळलं. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही.

"तुमाला कडू न्हाई लागत?"

"न्हाई."

"मंग मान काहून हलवली?"

ती देविदासकडे पाहत होती. "दोन सालांमागं ताप आला व्हता, त्या तापापासून काहीच लागत न्हाई, मिना. मीठ न्हाई, मिरची न्हाई, गूळ न्हाई. मला वाटलं, येईल परत. गेल्या साली बी वाटलं व्हतं." मग म्हणाली, "लोकं पदरात पाला घेऊन यायची. त्यांना काय सांगू? माझी जीभ मेली म्हणून?"

मला तिचा इतका राग आला की हात उचलला गेला असता. दोन वर्षं ही बाई डोळे मिटून मान हलवत होती आणि आमचं सगळं घर त्या मानेवर जेवत होतं! आणि त्याच क्षणी तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. दीक्षानं मला ओढून दोन बोटं घशात घालायला लावली.

दिवस कलता कलता पाणी उतरलं. दीक्षानं आधी पलीकडे जाऊन दोर झाडाला बांधला, अलीकडचं टोक मी बांधलं, आणि देविदासला मध्ये घेऊन आम्ही निघालो. तो वाटेत माशा नसताना माशा हाकलत होता. पाणी अजून कमरेला लागत होतं, पाय ठेवू तो गोटा निसटत होता. पलीकडे पोचलो तेव्हा याडी मागेच होती. नाल्याच्या मध्यावर उभी, डोक्यावर टोपलं. तिनं ते दोन्ही हातांनी खाली घेतलं आणि उपडं केलं. घोळ, कुंजर, पाथरी, सगळं लाल पाण्यावरून तरंगत गेलं.

"मावशी, त्या जुड्या चांगल्या होत्या!" दीक्षा ओरडली. "तुमी स्वतः बघून खुडल्या होत्या!"

"चांगल्या व्हत्या हे कोण सांगून राहिलं? मीच ना?" याडी म्हणाली आणि रिकामं टोपलंही सोडून दिलं.

डोंगर चढून रस्त्याला लागलो तेव्हा एक जीप मिळाली. दवाखान्यात सलाईन लागलं, तिसऱ्या दिवशी देविदास माणसात आला. त्याला त्यातलं काही आठवत नाही. आठवडा होत नाही तो त्यानं पुन्हा पंप पाठीवर घेतला. शिवाराला फवारा हवा आणि आम्हाला चूल. महोत्सव होऊन गेला. तिकडे कोणी गेलं नाही.

परवा हापशाच्या ओलीला घोळ उगवली. तेवढीच एक जागा, तिथं कोणी औषध मारत नाही. याडीनं ती खुडली, धुतली, चुलीपाशी ठेवली. सगळे बसले होते. देविदासनं, सासऱ्यांनी आपोआप माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिच्याकडे कोणीच पाहिलं नाही. ते तिनं पाहिलं.

तिनं एक पान माझ्या तळहातावर ठेवलं. "चाव."

मी चावलं. डोळे मिटायचं धाडस झालं नाही. उघड्या डोळ्यांनीच मान हलवली. पातेलं चढलं. घोळ शिजली, सगळे जेवले, चांगली झाली म्हणाले. याडी शेवटी बसली. भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला, तोंडात घातला, खूप वेळ चावत राहिली.

मग मला हळूच विचारलं, "कशी झाली गं?"

"आंबट," मी म्हटलं. "जराशी खारट."

"व्हय," ती म्हणाली. "घोळ तशीच लागायची."